गाणं एक नंबरला जातं तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं?

चांगलं गाणं आपोआप वर जातं असं आपण सगळेच धरून चालतो, आणि मग चार्टवर, म्हणजे दर आठवड्याच्या हिट गाण्यांच्या यादीत, एखादं साधंसं गाणं एक नंबरला आणि आपलं जीव की प्राण असलेलं गाणं चौदाव्या नंबरला दिसलं की मनाला लागतं. मला हा विषय फार आवडतो कारण यात मानसशास्त्र, गणित आणि धंदा तिन्ही एकमेकांत गुंतलेत, आणि तरी मेन गोष्ट साधी आहे. गाणं एकूण किती जणांना आवडलं हे चार्ट सांगत नाही, एका आठवड्यात किती मागणी गोळा झाली तेवढंच सांगतो. रेडिओ आणि रिलीजची तारीख यांची सगळी धडपड त्या सात दिवसांभोवती चालते.

सांगलीकरांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात आपलं सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं असतं, ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका. कोयनेतनं एकूण पाणी किती सुटलं यापेक्षा ते किती वेळात सुटलं यावर पातळी ठरते, तेच पाणी महिनाभर सावकाश आलं तर नदी पात्रातच राहते आणि दोन दिवसांत आलं तर गावात शिरते. चार्टचा नंबर म्हणजे ही पातळी. समजा एखादं गाणं एकूण एक लाख लोक विकत घेणार आहेत, ते दर आठवड्याला वीस हजार असे पाच आठवड्यांत आले तर गाणं कदाचित पहिल्या दहातपण दिसणार नाही, आणि सगळे एकाच आठवड्यात आले तर एक नंबर, गाणं तेच, माणसं तेवढीच.

मग ही मागणी अडवून धरायची कशी? इथं रेडिओ येतो. ब्रिटनचा पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ ला आला, न्यू म्युझिकल एक्सप्रेस या पेपरातल्या पर्सी डिकिन्सनं विसेक दुकानांना फोन करून कुठलं गाणं किती खपलं ते विचारलं आणि यादी बनवली. तेव्हापासून तिकडच्या मेन चार्टमध्ये रेडिओवर किती वेळा वाजलं हे मोजतच नाहीत, आधी फक्त खप आणि २०१४ पासून स्ट्रीमिंगपण. त्यामुळं कंपन्यांनी काय केलं तर गाणं रेडिओला कित्येक आठवडे आधी द्यायचं, दुकानात ठेवायचंच नाही, लोकांनी ऐकत राहायचं, तोंडात बसायचं, दुकानात जाऊन विचारायचं आणि दुकानदारानं म्हणायचं अजून आलं नाही. शेवटी ज्या सोमवारी सीडी येईल त्या आठवड्यात सगळी साठलेली गर्दी एकदम. म्हणून नव्वदच्या दशकात तिकडं गाणी थेट एक-दोन नंबरला उतरायची आणि दुसऱ्याच आठवड्यात घसरायची, लोकांचं मन बदललं म्हणून नाही, साठा संपला म्हणून.

इंटरनेट आल्यावर हा बांध फुटला, कारण ऐकलेलं गाणं कुणी पाच-सहा आठवडे थांबून विकत घेईना, फुकट उतरवून घ्यायला लागले. २०११ च्या सुरुवातीला सोनी आणि युनिव्हर्सल या दोन मोठ्या कंपन्यांनी ब्रिटनमध्ये जाहीर केलं की ज्या दिवशी रेडिओवर त्याच दिवशी विक्रीला. सगळ्यांनी ते पाळलं नाही आणि नंतर ते ढिलं पडलं, पण मुद्दा कळतो, थांबायला लावण्यात फायदा तेवढाच असतो जेवढं लोक थांबायला तयार असतात.

अमेरिकेची गोष्ट उलटी आहे. बिलबोर्ड या संगीताच्या मासिकाचा हॉट १०० हा चार्ट ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाला आणि त्यात विक्रीबरोबर रेडिओपण धरला जातो. तो धरतानासुद्धा गाणं किती वेळा वाजलं एवढंच बघत नाहीत, वाजलं तेव्हा ऐकणारे किती होते ते बघतात, म्हणजे मोठ्या शहरात सकाळी ऑफिसच्या गर्दीच्या वेळी एकदा वाजणं हे छोट्या गावात रात्री दोनला दहादा वाजण्यापेक्षा भारी. पण जुना नियम असा की गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळं एकटं, दुकानात विकायला नसेल तर चार्टवर जागाच नाही, आणि कंपन्यांना तर अख्खा अल्बम विकायचा होता, म्हणून त्या हिट गाण्यांचे सिंगल काढायच्याच नाहीत. त्यातनं विचित्र प्रकार झाले. नो डाउट या बँडचं डोन्ट स्पीक रेडिओच्या यादीत १६ आठवडे एक नंबरला होतं आणि हॉट १०० वर एक दिवससुद्धा नाही. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला, तेव्हा नॅटली इम्ब्रुलियाचं टॉर्न, जे रेडिओवर ११ आठवडे पहिलं राहून उतरणीला लागलं होतं, ते हॉट १०० वर थेट ४२ व्या नंबरला दिसलं. आता ही यादी वाचून कुणी म्हणालं की टॉर्न ठीकठाक चाललं, तर त्या माणसाची चूक नाही, मापाची चूक आहे.

आता खरा प्रश्न, रेडिओवर वाजल्यानं गाणं आवडायला लागतं का? रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये याचा पाया घातला. त्यानं लोकांना अर्थ नसलेले शब्द, चिनी लिपीसारखी अक्षरं, अनोळखी चेहरे दाखवले, काही एकदा, काही दहादा, काही पंचवीस वेळा, आणि मग आवडतं का ते विचारलं. जे जास्त वेळा दिसलं ते जास्त आवडलं, बाकी काही कारण नसताना. ओळखीचं आहे एवढ्यावरच मन थोडं झुकतं. पण हे वर वर जातच राहत नाही, मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांच्या कामातनं पुढं आलेलं चित्र टेकडीसारखं आहे, आधी आवड चढते, एका टप्प्यावर टेकते आणि मग कंटाळा सुरू होतो. अमेरिकन रेडिओवाल्यांना हे धंद्यातनंच कळलं होतं, ते श्रोत्यांना फोन करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचे आणि विचारायचे, ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. तिसऱ्या प्रश्नाला हो वाढले की गाणं कमी वाजवायचं.

यातली गंमत अशी की रेडिओला अनोळखी गाण्याची भीती असते, नवीन गाणं लागलं की माणूस स्टेशन बदलतो. म्हणून पन्नासच्या दशकात ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झनं ठरावीक थोडीच हिट गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची पद्धत रुजवली आणि ती जगभर पसरली. म्हणजे रेडिओ हिट गाणी वाजवतो आणि वाजवल्यामुळं ती हिट राहतात, आता यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? नुसते आकडे बघून हे सुटत नाही.

ते सोडवायला मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी जो प्रयोग केला तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. २००६ मध्ये सायन्स मासिकात आला. त्यांनी वेबसाइटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली, १४ हजारांवर माणसं आली, ऐकायचं आणि आवडलं तर उतरवून घ्यायचं. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसायची. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं, प्रत्येक गटात आपल्याच गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं घेतलं तो आकडा दिसायचा, दुसऱ्या गटाचं काहीच कळायचं नाही. गाणी तीच, सुरुवात सगळीकडं शून्यापासून, म्हणजे एकाच जगाच्या आठ प्रती चालवून बघितल्यासारखं. आकडे दिसायला लागल्यावर हिट गाणी जास्तच हिट झाली आणि पडलेली जास्तच पडली, पण कुठलं गाणं हिट होईल हे गटागटात बदललं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्या सगळ्यांचं मात्र सुरुवातीच्या थोड्या लोकांवर ठरलं.

दोन वर्षांनी सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी यादीच उलटी करून दाखवली, खालचं गाणं वर आणि वरचं खाली. खोट्या नंबरावर काही गाणी खरंच चालली, सगळ्यात चांगली गाणी हळूहळू परत वर सरकायला लागली, पण त्या उलट्या यादीत लोकांनी एकूणच कमी गाणी घेतली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, खोटी प्रसिद्धी एका गाण्याला उचलते पण ऐकणाऱ्याचा एकूण उत्साह खाते. रेडिओला लपवून पैसे देऊन गाणं वाजवून घेण्याला अमेरिकेत १९६० मध्ये कायद्यानं बंदी आली, आणि तरीपण २००५ मध्ये सोनी बीएमजीला याच प्रकरणात न्यूयॉर्कमध्ये १ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली.

आपल्याकडं याचा इतिहास कमी नाही. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस, यांच्या धोरणानं आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळपास बंद झाली, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरनं बिनाका गीतमाला सुरू झाली. आवड कुठं गेली नाही, लोकांनी काटा फिरवला. अमीन सायानींच्या त्या यादीत रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांची मतं दोन्ही धरायचे, आणि हे डोकं फार चांगलं होतं असं मला वाटतं, कारण त्या काळात ग्रामोफोन किती घरांत होता? नुसता खप मोजला असता तर शहरातल्या पैसेवाल्यांची आवड निघाली असती, जत-आटपाडीकडं एका रेडिओभोवती बसून ऐकणारी वीस माणसं कुठल्याच आकड्यात आली नसती. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीनं ती माणसं परत मिळवायला घेतली.

आता स्ट्रीमिंगच्या जमान्यात अडचण अशी आहे की दोन माध्यमांचा वेग वेगळा. चाहते पहिल्याच दिवशी गाणं शंभरदा ऐकतात, रेडिओ मात्र चाचपडत, लोकांना विचारत, महिन्यांनी शिखरावर पोचतो, आणि तोपर्यंत स्ट्रीमिंग उतरलेलं असतं. दोन शिखरं एकाच आठवड्यात आली नाहीत तर बेरीज कमी भरते. द वीकेंड या गायकाचं ब्लाइंडिंग लाइट्स नोव्हेंबर २०१९ च्या शेवटी आलं आणि हॉट १०० वर एक नंबरला पोचलं ४ एप्रिल २०२० च्या यादीत. ग्लास अॅनिमल्स या बँडच्या हीट वेव्ह्जला तर तिथं पोचायला चार्टवर ५९ आठवडे लागले. द वीकेंडच्याच सेव्ह युअर टिअर्सचं उदाहरण तर नीट अभ्यासण्यासारखं आहे, ते मार्च २०२० च्या अल्बममधलं, वर्षभरानं रेडिओवर जोरात होतं आणि नेमक्या त्याच वेळी एप्रिल २०२१ मध्ये अरियाना ग्रांडेबरोबरचा रीमिक्स काढला, स्ट्रीमिंग परत उसळलं, दोन्ही शिखरं एकत्र आली आणि गाणं एक नंबरला.

नवीन गाणी शुक्रवारीच का येतात त्याचं कारणपण इथंच आहे. आधी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी, जर्मनी-ऑस्ट्रेलियात शुक्रवारी अशी गाणी यायची. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरला आणि मोजणीचा आठवडापण शुक्रवार ते गुरुवार झाला, म्हणजे शुक्रवारी आलेल्या गाण्याला पूर्ण सात दिवस मिळतात आणि बुधवारी आलेल्याला पहिल्या यादीत दोनच.

आणि समोर कोण उभं आहे हेपण बघावं लागतं. मारिया कॅरीचं ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू १९९४ चं, तेव्हा सिंगल म्हणून विकायला नव्हतं म्हणून हॉट १०० वर जागा नव्हती, ते पहिल्यांदा एक नंबरला गेलं डिसेंबर २०१९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. आता दर डिसेंबरला अशी जुनी नाताळगाणी वरच्या जागा धरून बसतात आणि नवीन साधं गाणं त्यात दबतं.

आपल्याकडं नाताळाच्या जागी गणपती, पण आपलं गणित जास्त अवघड आहे. नाताळ २५ डिसेंबरलाच येतो, गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते आणि २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळं १४ सप्टेंबरला आहेत. शिवाय आपल्या जिल्ह्यात मिरवणुकीचा दिवसपण एक नाही, तासगावचा रथ ऋषिपंचमीला, सांगलीचा संस्थान गणपती पाचव्या दिवशी, मिरजेची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीला. गाण्याला तीन वेगवेगळ्या संधी मिळतात, पण तासगावसाठी ते चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी लोकांच्या तोंडात बसलेलं असायला लागतं.

इथली पोरं स्वतः गाणी करून यूट्यूबवर टाकतात, बरीच चांगली असतात, आणि बहुतेक जण गणपतीच्या आदल्या आठवड्यात टाकतात कारण तेव्हा सगळे ऐकतात. माझं मत उलटं आहे. त्या आठवड्यात शेकडो गाणी येतात, आणि मिरवणुकीत लोक नवीन गाणं ऐकायला नाही, पाठ असलेलं म्हणायला येतात, बँडवाल्यालासुद्धा बसवायला दिवस लागतात. झायन्सच्या प्रयोगातली ती पंचवीस वेळांची ओळख व्हायला चार-पाच आठवडे हातात पाहिजेत, म्हणजे २०२६ साठी गाणं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर हवं, तेव्हाच बँडवाल्यांना आणि साउंडवाल्यांना पोचवायला हवं, आणि नाचाचा व्हिडिओ किंवा रीमिक्स मात्र चतुर्थीच्या चार दिवस आधीसाठी राखून ठेवायला हवा.