शुगर नॉर्मल, पण पोट सुटलेलं

सोलापुरात कुणाला शुगर निघाली की घरचे आधी चहातली साखर बंद करतात. माणूस हडकुळा असला तर वर आश्चर्य: एवढ्या बारीक माणसाला शुगर कशी झाली? हा आजार भरपूर गोड खाणाऱ्या जाड माणसांचा, ही समजूत घट्ट बसलेली आहे. खरं तर रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसते त्याच्या कितीतरी आधी, पुष्कळदा दहा वर्षं आधी, शरीरात बिघाड सुरू झालेला असतो. त्याचं ठाणं मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात असतं. त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

जेवण झालं की रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूच्या पेशीला येऊन चिकटलं की पेशीच्या आत थांबलेले ‘ग्लुट-४’ नावाचे वाहक वर येतात आणि ग्लुकोज आत ओढून घेतात. त्याच वेळी यकृत स्वतःचं ग्लुकोज बनवणं कमी करतं आणि चरबीच्या पेशी चरबी सोडायचं थांबवतात. रेझिस्टन्स आला की पेशी नेहमीच्या मात्रेतल्या इन्सुलिनला दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. शुगर नॉर्मल येते, पण ती नॉर्मल ठेवायला आतून किती जोर लावावा लागतोय, ते त्या आकड्यात दिसत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात आणि तेव्हा कुठे शुगर चढू लागते.

पेशी दाद का देत नाहीत? याचं मोठं कारण चरबी कुठे साठते हे आहे. पूर्वी आपल्याकडे ज्वारी पेवात साठवत. पेव भरलं की उरलेली पोती ओसरीवर, माजघरात, जिथे जागा मिळेल तिथे रचावी लागत. त्वचेखालची चरबी हे शरीराचं पेव आहे. ते भरलं की जादा चरबी पोटात आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंच्या पेशींतही जाऊन बसते. तिथे चरबीपासून तयार होणारे काही रेणू इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचण्याआधीच अडवतात. प्रत्येकाचं पेव वेगवेगळ्या मापाचं असतं, आणि आपल्यापैकी अनेकांचं ते लहान आहे.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने यावर मोलाचं काम केलंय. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं बारीक खरी, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच मला वाटतं, प्रत्येक घरात वजनकाट्याआधी शिंप्याकडची टेप असावी. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यायचं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस काट्यावर पास होतो आणि टेपवर नापास.

आणखी एक खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मानेमागे काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो. आई म्हणते, “मान नीट घासत नाहीस.” मग वजरीने, लिंबाने, बेसनाने घासणं सुरू होतं, मान लाल होते आणि पट्टा तसाच राहतो. तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेलं राहिलं की त्वचेच्या पेशी जास्त वाढतात आणि मान, काखा, कोपर इथे त्वचा जाड आणि गडद होते. अशा मुलीची पाळी पुढे अनियमित झाली, हनुवटीवर केस आले, तर त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजांडकोश पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात आणि पीसीओएसला, म्हणजे पाळी आणि संप्रेरकांच्या या बिघाडाला, जोर येतो. तिला रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या गावच्या कामाकडे बघू. पूर्वभागात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. बोटं क्षणभर थांबत नाहीत, मान आणि पाठ भरून येते. तिला कुणी “तू बैठं काम करतेस” म्हटलं तर राग येईल, आणि तो रास्त आहे. पण मांड्या, पोटऱ्या, नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू त्या सगळ्या वेळात स्वस्थ असतात. गणवेश शिवणाऱ्या कारागिराचं आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचंही तेच. इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा सिंहाचा वाटा स्नायूंकडे जातो, म्हणून स्नायू स्वस्थ बसले की सगळा हिशोब बिघडतो.

उपायही तिथेच आहे. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ वाहक इन्सुलिनशिवायही वर येतात. पेशी इन्सुलिनला दाद देत नसली तरी चालण्याला देते! शिवाय चांगल्या व्यायामानंतर पुढचे एक-दोन दिवस तीच पेशी इन्सुलिनचंही जास्त ऐकते, म्हणून दोन दिवसांहून मोठी सुट्टी घेऊ नये. जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं गल्लीत चाललं तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापायच्या आत संभाजी तलावाकडे किंवा जवळच्या मैदानात जाऊन यावं. नुसतं चालण्यावर भागवू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, जिना, भिंतीला टेकून जोर, यांनी स्नायू वाढतो आणि ग्लुकोज घेणारी जागाच वाढते. विड्या वळणारीने दर अर्ध्या-पाऊण तासाने सूप खाली ठेवून दोन मिनिटं उभं राहावं, टाचा उचलाव्यात.

खाण्याबाबत ज्वारीचा अभिमान बाळगावाच, पण तिला औषध समजू नये. मोठ्या भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ४५ ते ५० ग्रॅम पिष्ट असतं. चार भाकऱ्या आणि वर भात खाल्ला तर ज्वारीही वाचवू शकत नाही. कडक भाकरी हलकी लागते, म्हणून किती खाल्ली ते कळत नाही. एक भाकरी कमी करून त्या जागी वाटीभर मटकी किंवा हुलगे, पालेभाजी, ताक, अंडं आणावं. भाजी-उसळ आधी आणि भाकरी नंतर खाल्ली तर तेवढ्याच जेवणाने शुगर कमी चढते. शेंगाचटणी जरूर खावी, फक्त तेलाचा हात आखडता ठेवावा. गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा फारसा वेगळा नाही. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ नुसता स्टार्च. यंत्रमागावरची रात्रपाळी, अपुरी झोप आणि तंबाखूचा धूर यांनीही रेझिस्टन्स वाढतो. पाळी बदलणं कामगाराच्या हातात नसतं, हे मला कळतं. निदान दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, सलग मिळेल अशी घरच्यांनी सोय करावी.

यातून खरंच फरक पडतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपैकी ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं ज्यांनी मनावर घेतलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या लहान डोसनेही जवळपास तेवढाच फायदा झाला.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं ग्लुकोज बनवणं आवरतं. ‘एकदा सुरू झाली की किडनी जाते’ ही भीती चुकीची आहे. किडनी आधीच बरीच बिघडलेली असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बंद करतात, एवढंच. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने बी-१२ जीवनसत्त्व तपासत राहावं, शाकाहारी असेल तर नक्कीच. पायोग्लिटाझोन थेट रेझिस्टन्सवर काम करते, पण हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं भूक आणि वजन कमी करून फायदा देतात, मात्र त्यांच्यासोबत प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर स्नायूही झडतो. आपल्याला जो हवा तोच.

तपासणीला महागडी पॅकेजेस लागत नाहीत. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (लाल रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के आली तर ‘थोडीशीच आहे’ म्हणून कागद घडी घालून ठेवू नये. लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ही जोडी दिसली तर शुगर नॉर्मल असली तरी रेझिस्टन्सचा संशय घ्यावा. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे बदल सुरू केल्यावर एचबीएवनसी तीन महिन्यांनी करावी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आधीपासून चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण डोस तोच ठेवला तर शुगर एकदम उतरू शकते.