मीड्स रँच म्हणजे अमेरिकेचा मध्यबिंदू नव्हे

कॅन्ससमधल्या ऑस्बोर्न काउंटीत, मीड्स रँच नावाच्या गुरांच्या कुरणात, 1891 साली सर्वेक्षणाची एक खूण बसवली गेली. 'हाच देशाचा भौगोलिक मध्य' असं तिच्याबद्दल सर्रास सांगतात. तसं नाही. सलग 48 राज्यांचा मध्य इथून साधारण 65 किलोमीटर उत्तरेला, लेबनन गावाजवळ धरतात. तोही 1918 मध्ये पुठ्ठ्याचा नकाशा टोकावर तोलून काढलेला!

1901 मध्ये ही खूण मोजणीचा आधारबिंदू ठरली ती निराळ्याच कारणाने: 39 अक्षांशालगतची आणि 98 रेखांशालगतची त्रिकोणसाखळी (जमीन मोजायला आखलेल्या त्रिकोणांची रांग) इथे एकमेकींना छेदतात. 1927 चा 'नॅड 27' हा आधारही, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या नकाशांवरचे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजत ती चौकट, इथूनच धरलेला.

खरी गफलत होते ती जुन्या टोपोशीटवरची (सरकारी भूरूप-नकाशावरची) पवनचक्की जीपीएसवर शोधताना. शीटच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली, आधार कोणता ते सांगणारी टीप आधी वाचा. तिथे 1927 असेल, तर यंत्रातही 'नॅड 27' लावा. ते 'डब्ल्यूजीएस 84' (जीपीएसचा स्वतःचा आधार) वरच राहिलं, तर या भागात अक्षांश-रेखांश वापरून सुमारे 30 मीटर चुकता; यूटीएमचे (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या चौकटीचे) आकडे घातलेत तर उत्तर-दक्षिण सुमारे 200 मीटर, कारण पृथ्वीचा गृहीत धरलेला आकारच मधल्या काळात बदलला.