एकटा काटा

बशीत दोन चमचे फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं द्रव, ओतायचं आणि दणकट लोहचुंबक खालून हळूहळू वर आणायचा. बराच वेळ काहीच घडत नाही, काळं तेलकट थारोळं नुसतं चकाकत राहतं. चुंबक आणखी जरासा वर सरकला की मधोमध काटे उभे राहतात, थेट फणसाच्या सालीसारखे. (बोट बुडवायचा मोह आवरा. हे डाग जाता जात नाहीत.)

हे द्रव 1963 मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी बनवलं. वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज अतिशय बारीक दळून इंधनात मिसळलं. हे कण साधारण 10 नॅनोमीटरचे असतात. प्रत्येक कणावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा थर असतो, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत. शिवाय द्रवाचे रेणू त्यांना सतत धक्के देत असल्यानं ते तळाशी बसत नाहीत.

काटे येतात ते रस्सीखेचीतून. पृष्ठभागावर कुठे चुकून बारीकसा उंचवटा आला, की चुंबकीय क्षेत्र त्याच्या टोकाशी दाटतं आणि त्याला आणखी वर ओढतं. वजन आणि पृष्ठताण त्याला खाली दाबतात. क्षेत्र एका उंबरठ्यापलीकडे गेलं की ओढ जिंकते. 1967 मध्ये काउली आणि रोझेन्स्वाइग यांनी हा उंबरठा गणितानं काढून दाखवला. त्यातली एक गोष्ट मला अजून गमतीची वाटते: द्रव पुरेसं खोल असेल, तर उंबरठ्यावर दोन काट्यांमधलं अंतर फक्त घनता, पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांवर ठरतं. नेहमीच्या फेरोफ्लुइडमध्ये ते सुमारे 1 सेंटिमीटर भरतं. चुंबक काटे उभे करतो, पण त्यांच्यातलं अंतर ठरवताना त्याला कुणी विचारत नाही!

इथवर कागद-पेन्सिल पुरते. काटे किती उंच होतील, षट्कोनी मांडणीत बसतील की चौकोनी, हे विचारलं की संगणक लागतो आणि तिथे कोंबडी आधी की अंडं आधी अशी गत होते. पृष्ठभागाचा आकार क्षेत्रावर अवलंबून, आणि क्षेत्र पृष्ठभागाच्या आकारावर. म्हणून आधी एक आकार गृहीत धरायचा, द्रवातलं आणि वरच्या हवेतलं क्षेत्र काढायचं, त्यातून पृष्ठभागावरचा जोर काढायचा, पृष्ठभाग थोडा हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. यासाठी सगळ्या जागेचे बारीक तुकडे करून गणिताची जाळी विणावी लागते. टोकाशी ती फारच बारीक हवी. सरळसोट पद्धतीत जाळीच्या गाठींमधलं अंतर निम्मं केलं की तुकडे 8 पट होतात. त्यात पृष्ठताणामुळे उठणाऱ्या चिमुकल्या लाटा पकडायला वेळेची पावलंही जवळपास 2.8 पट जास्त टाकावी लागतात. म्हणजे काम 22 पटींहून जास्त.

मग माणूस काटकसर करतो. काटे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बसणार हे ठाऊकच आहे, तर एकच षट्कोन सोडवू, बाकीचे त्याच्याच नकला! युक्ती चोख आहे, पण पोळं आपणच आधी गृहीत धरलं, तर संगणक पोळ्याशिवाय दुसरं काय दाखवणार?

2005 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटचे राइन्हार्ड रिश्टर आणि केप टाउनचे इगोर बाराशेन्कोव्ह यांनी दाखवलेला प्रयोग नेमका या फटीतून निसटणारा आहे. काटे एकदा उठले की क्षेत्र उंबरठ्याच्या थोडं खाली आणलं तरी लगेच बसत नाहीत. म्हणजे क्षेत्राच्या तेवढ्या पट्ट्यात सपाट राहणंही टिकतं आणि काटेरी राहणंही. रिश्टर यांनी सपाट द्रव या पट्ट्यात ठेवलं आणि छोट्या कॉइलनं एकाच जागी क्षणभर जादा क्षेत्राचा ठोसा दिला. तिथे एक काटा उठला. कॉइल बंद केल्यावरही तो तसाच उभा राहिला, सभोवार सगळं सपाट. असे काटे एकेक करून वाढवताही येतात.

त्यामुळे अशा पट्ट्यात संगणकाला नुसतं क्षेत्राचं मूल्य देऊन भागत नाही, सुरुवात कुठून करायची तेही सांगावं लागतं. सपाट पृष्ठभागापासून निघालं तर तो सपाटच राहतो. एक टेकाड आधीच देऊन निघालं, तर एकटा काटा सापडू शकतो.