परवान्यांचा आकडा कोण ठरवतो? अमेरिकेतील पिस्तूल-परवाना कायद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत कपड्यांआड पिस्तूल बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरण्याचा परवाना किती नागरिकांकडे आहे, हा आकडा तिथल्या बंदूकविषयक वादात दोन्ही बाजूंकडून हिरिरीने मांडला जातो. तो वाढला की लोकांना स्वसंरक्षणाची निकड भासू लागली आहे, असा अर्थ लावला जातो, आणि घटला की उलट. मागील दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र हा आकडा लोकांच्या इच्छेपेक्षा परवाना देण्याच्या पद्धतीने अधिक घडवला आहे, असे दिसते. निर्णय कोणाच्या हाती आहे, शुल्क किती, प्रशिक्षण किती तासांचे आणि परवाना मिळाल्यावर तो नेमका कुठे उपयोगी पडतो, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय तो आकडा वाचूच नये.

केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली होती आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. परवाना पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचा १९११ चा सुलिव्हन कायदा. या पद्धतीत अर्जदाराने आपली गरज पटवून द्यायची आणि स्थानिक अधिकाऱ्याने ती मान्य करायची की नाही हे ठरवायचे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली अर्ज केलेल्यांना अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असलेली ही व्यवस्था ओळखीची वाटेल. तिचा जाच सर्वांना सारखा नव्हता. १९५६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर बॉम्ब टाकण्यात आला, त्यानंतर त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि तो फेटाळण्यात आला. ज्याच्या जिवाला धोका आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते, त्याची गरज अधिकाऱ्यांना पटली नाही. अशा राज्यांत परवान्यांची संख्या कमी राहिली, तिचे कारण मागणीच्या अभावात शोधणे म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणे होय.

वॉशिंग्टन राज्याने १९६१ मध्ये अधिकाऱ्याचा हा विवेकाधिकार काढून घेतला. कायद्यातील अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे, असे बंधन आले. देशभर परिणाम झाला तो मात्र फ्लोरिडाच्या १९८७ च्या कायद्याचा, कारण त्यानंतर एकामागून एक राज्यांनी तसेच कायदे केले. टेक्सासमध्ये १९९१ साली किलीन गावातील एका उपाहारगृहात झालेल्या गोळीबारात २३ जण मारले गेले. त्यात आई-वडील गमावलेल्या सुझाना हप यांनी परवाना कायद्यासाठी जाहीरपणे बाजू मांडली. तत्कालीन गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये या विषयावरील विधेयकावर नकाराधिकार वापरला, तर त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५ मध्ये कायद्यावर सही केली.

पण अधिकाऱ्याची मर्जी गेली तरी पैसा आणि वेळ हे अडसर उरलेच. टेक्सासमध्ये सुरुवातीला १४० डॉलर शुल्क आणि किमान दहा तासांचे प्रशिक्षण होते. २०१३ मध्ये प्रशिक्षण चार ते सहा तासांवर आले आणि २०१७ मध्ये शुल्क ४० डॉलर झाले. याउलट, न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये कायदा करणाऱ्या इलिनॉयने १५० डॉलर शुल्क आणि सोळा तासांचे प्रशिक्षण ठेवले. सोळा तास म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्याची दोन दिवसांची कमाई. प्रशिक्षण आवश्यक आहे, असे माझेही मत आहे. परंतु त्याचा भार कोणावर पडतो हे न पाहता केलेली अट, जिथे गुन्हेगारीची झळ सर्वाधिक बसते त्याच वस्त्यांना परवान्यापासून दूर ठेवते.

२०११ च्या अखेरीस देशात किमान ८० लाख परवाने होते, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले. पुढील दशकात हा आकडा दोन कोटींच्या पुढे गेल्याचे जॉन लॉट यांच्या संस्थेची गणना सांगते. लॉट हे शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचे समर्थक आहेत, हे ती वाचताना ध्यानात ठेवावे. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात विशेष गरज सिद्ध करण्याची न्यूयॉर्कची अट घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर मेरीलँड आणि न्यू जर्सीत अर्जांचा ओघ एकदम वाढला. न्यू जर्सीने त्याच वर्षी शुल्क २०० डॉलरवर नेले, आणि न्यूयॉर्कने अठरा तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले.

याच काळात दुसरीकडे उलटा प्रवाह वाहत होता. व्हर्माँटमध्ये परवान्याची गरज कधीच नव्हती. अलास्काने २००३ मध्ये आणि अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये ती अट काढली, टेक्सासने २०२१ मध्ये, आणि २०२४ पर्यंत अशी राज्ये २९ झाली. अलाबामात १ जानेवारी २०२३ पासून अट गेली तेव्हा शेरीफ (जिल्ह्याचा निवडून आलेला पोलीसप्रमुख) कार्यालयांनी विरोध केला होता, कारण परवाना शुल्क हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. लॉट यांच्याच गणनेनुसार देशातील एकूण परवाने २०२२ नंतर घटू लागले. कायद्याने पिस्तूल बाळगण्याची मुभा असलेल्यांची संख्या याच काळात वाढली असल्यामुळे, ही घट शस्त्रे कमी झाल्याचा पुरावा म्हणून मांडता येत नाही.

तरीही परवान्याची अट काढलेल्या राज्यांतले लाखो लोक परवाना घेतच राहतात. परवाना असला की इतर अनेक राज्यांत तो मान्य होतो, काही राज्यांत पिस्तूल खरेदी करताना दर वेळची पार्श्वभूमी तपासणी टळते, आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र नेण्यास मनाई करणाऱ्या संघीय कायद्यातून त्याच राज्याच्या परवानाधारकास सूट मिळते. यांतील पहिले कारण सर्वांत वजनदार आहे आणि तेच सर्वांत कच्चेही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधी सभागृहाने मंजूर केलेल्या, पण सिनेटमध्ये अडलेल्या विधेयकात, स्वतःच्या राज्यात परवान्याविना शस्त्र बाळगू शकणाऱ्याला इतर राज्यांतही केवळ ओळखपत्राच्या आधारे तशीच मुभा देण्याची तरतूद होती. तसा कायदा झाला असता, तर इतर राज्यांत चालतो म्हणून परवाना घेण्याचे कारणच अशा लोकांना उरले नसते.