ट्रक अपघातात कायदेशीर जबाबदारी कोणाची? दावा कोण, कुठे आणि कोणत्या कागदांवर करू शकतो

ट्रकची धडक बसली की घटनास्थळी जमलेली गर्दी दोन गोष्टी जागेवरच ठरवून टाकते: चूक मोठ्या गाडीची, आणि पैसे ड्रायव्हरने द्यायचे. कायद्यात यातलं काहीच आपोआप ठरत नाही. चूक कोणाची हा एक प्रश्न, भरपाई कोणाच्या खिशातून येणार हा दुसरा. बरीच कुटुंबं पहिल्या प्रश्नाच्या संतापात महिने घालवतात आणि दुसऱ्या प्रश्नाला लागणारे कागद तोवर विखुरतात.

पोलिस ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा बहुधा चालकावर असतो. बेदरकार वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असेल तर कलम १०६ (१), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या खटल्यात शिक्षा झाली तरी घरच्यांना भरपाई मिळत नाही. ती मिळते मोटार वाहन कायदा, १९८८ खाली नेमलेल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे ‘एमएसीटी’ म्हणतात. तिथे पुराव्याची कसोटीही वेगळी आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, न्यायाधिकरणात मात्र कोणाची बाजू अधिक संभाव्य वाटते एवढं पाहिलं जातं. म्हणून चालक फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा तेवढ्याने पडत नाही. ‘केस सुटली, आता काही मिळणार नाही’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

जबाबदारांची साखळी

चालकाच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, कारण चालक त्याच्या कामावर होता. मग मालक कोण? कायद्याच्या लेखी आरसीवर ज्याचं नाव तो. ट्रकच्या धंद्यात हा मुद्दा फार छळतो. गाडी एकाच्या नावावर, विकली दुसऱ्याला, चालवतो तिसरा, आणि ‘अटॅच’ आहे, म्हणजे कामाला लावलेली आहे, चौथ्या ट्रान्सपोर्टरकडे. नोटरी केलेला विक्री करार दाखवून जुना मालक हात वर करतो. पण आरटीओत नाव बदललेलं नसेल तर नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकल्यावर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचंच काम आहे. ट्रक कर्जावर असेल आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर मात्र गाडी ज्याच्या ताब्यात तो मालक धरला जातो. केवळ बोजा आहे म्हणून बँकेला यात ओढता येत नाही.

मालकाच्या मागे विमा कंपनी उभी असते आणि बहुतेक प्रकरणांत प्रत्यक्ष रक्कम तीच भरते. पॉलिसीच्या अटी मोडल्याचं दाखवून सुटायचा प्रयत्न ती करते, त्यातले तीन वाद नेहमीचे.

पहिला लायसन्सचा. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस मालवाहू गाडी चालवत होता, एवढं म्हणून कंपनीला आता भागत नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन त्या लायसन्सवर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. त्यापुढच्या ट्रकला अवजड वाहनाचं लायसन्स लागतंच. दुसरा वाद परमिटचा. विनापरमिट ट्रक हा अटीचा मूलभूत भंग मानला जातो. तरीही या दोन्ही प्रकारांत न्यायाधिकरणं बहुधा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात, म्हणजे पीडिताला त्या भांडणाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा वाद खरोखर अडचणीचा आहे: ट्रकमध्ये बसलेल्या माणसांचा. मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस गाडीत असेल तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला विम्याचं संरक्षण आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला, जत्रेला किंवा गावाकडे जायला हौद्यात बसलेल्यांना ते नाही. भाडं देऊन बसले असोत की फुकट, मालवाहू गाडीतल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही, मालकच जबाबदार. मालकाकडे एका ट्रकपलीकडे काही नसेल तर हुकूमनामा हातात राहतो आणि वसुली होत नाही. ट्रकचा विमाच नसला तर हीच अडचण सगळ्यांपुढे येते. म्हणून विमा नसलेली गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायची नाही असा नियम आहे. गाडी सुटण्याआधीच याबाबत लेखी अर्ज द्या, सुटल्यावर त्याचा उपयोग नाही.

साखळीत पुढे माल भरणारा येतो. क्षमतेपेक्षा जास्त माल किंवा हौद्याबाहेर आलेल्या लोखंडी सळ्या, यांमुळे ट्रकच्या बाजूची निष्काळजी सिद्ध करणं सोपं जातं. जादा वजन मालकाच्या माहितीने भरलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, तशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये आहे. बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि वजनकाट्याची पावती यासाठी मिळवायची. माल पाठवणाऱ्या कंपनीकडून थेट भरपाई मिळवणं मात्र सोपं नाही, वकील तसं छातीठोकपणे सांगत असेल तर पुरावा काय ते विचारा.

रस्त्याचाच दोष असेल तर? सदोष रस्त्याबद्दल कंत्राटदाराला किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड कलम १९८अ मध्ये आहे, पण ती रक्कम पीडिताला जात नाही. महाराष्ट्रापुरती एक वेगळी वाट आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. त्यासाठी समित्या नेमायला सांगितलं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव त्यांत असतात.

‘ब्रेक फेल’ आणि इतर सबबी

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. आधी चर्चा झाली ब्रेक फेलची. नंतर पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. ब्रेक खरोखर निकामी झाले होते असं धरलं, तरी मालक सुटत नाही. मुंबईतल्या एका ट्रक अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं आहे की दोष लपलेला होता आणि योग्य निगा राखूनही तो कळणं शक्य नव्हतं, हे मालकानेच सिद्ध करायचं. त्यामुळे फिटनेस प्रमाणपत्र, दुरुस्तीची बिलं आणि मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल हे कागद निर्णायक ठरतात. टायर फुटणं हीसुद्धा देवाची करणी नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका कारच्या प्रकरणात म्हटलं आहे.

रात्री विनादिवा, विनारिफ्लेक्टर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून गाडी आदळते तेव्हा पंचनाम्यात सहज लिहिलं जातं, ‘मागच्या गाडीची चूक’. न्यायालयांनी हे जसंच्या तसं मान्य केलेलं नाही. महामार्गाच्या मध्ये इशाऱ्याशिवाय सोडून दिलेल्या ट्रकवर कार आदळली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पूर्ण दोष ट्रकवर ठेवला. कारच्या चालकाची चूक धरली तरी ती कारमधल्या इतर प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हेही तिथे स्पष्ट झालं. म्हणूनच पंचनाम्यात दिवे, रिफ्लेक्टर, त्रिकोण, रस्त्याची कडा आणि ब्रेकच्या खुणा यांची नोंद आहे का ते पाहणं इतर कशाहीपेक्षा मोलाचं. नसेल तर तपास अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

चूक दोघांची असेल तर मृताच्या किंवा जखमीच्या वाट्याचा दोष टक्क्यात धरून तेवढी रक्कम कापतात. २० लाखांची भरपाई आणि २५ टक्के दोष, तर हातात १५ लाख. दुचाकीवर तिघं होते, किंवा दुचाकीस्वाराकडे लायसन्स नव्हतं, एवढ्यावरून मात्र कपात होत नाही. त्या गोष्टीमुळेच अपघात घडला असं दाखवावं लागतं. पादचारी, मागे बसलेला किंवा कारमधला प्रवासी अशा तिसऱ्याच माणसाला दोन गाड्यांच्या चुकीने इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. आपसातला हिशेब त्यांनी नंतर पाहावा.

दावा कोण करू शकतो, आणि कुठे

जखमी व्यक्ती, नुकसान झालेल्या मालमत्तेचा मालक, मृताचे कायदेशीर प्रतिनिधी, किंवा यांनी अधिकार दिलेला माणूस. प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी मोठा ठेवला आहे. लग्न झालेली मुलगी दावा करू शकते. जावयावर अवलंबून असलेली सासूही करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे.

अर्ज अपघाताच्या जागेच्या, अर्जदाराच्या राहण्याच्या वा व्यवसायाच्या, किंवा प्रतिवादीच्या राहण्याच्या हद्दीतल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे बीडचा माणूस गुजरातेत गेला तरी घरच्यांना बीडमध्येच दावा लावता येतो.

मुदत सहा महिन्यांची आहे, अपघाताच्या तारखेपासून. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही.

आणखी एक तिढा समजून घ्या. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ खाली चूक दाखवावी लागते, पण उत्पन्न, वय आणि अवलंबित माणसं पाहून रक्कम ठरते आणि ती सहसा बरीच मोठी असते. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. विमा कंपनीचा माणूस घरी कागद घेऊन आला तर सही करण्यापूर्वी तो कोणत्या कलमाखालचा आहे ते वाचून घ्या.

ट्रकचा चालक किंवा क्लीनरच गेला असेल तर त्याच्या घरच्यांना कर्मचारी भरपाईचाही रस्ता आहे, आधी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली. तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. चूक चालकाची स्वतःचीच होती अशा प्रकरणात तोच रस्ता कामाचा. दोन्हीकडे दावा मात्र करता येत नाही.

पोलिसांचे अहवाल आणि तुमचे कागद

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. मालकाने गाडीचे, चालकाने लायसन्सचे कागद ठरलेल्या नमुन्यात भरायचे. पीडितानेही ६० दिवसांत आपली माहिती नमुना सहामध्ये द्यायची. सविस्तर अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. नियम कागदावर छान आहे, तरी पोलिसांनी पाठवला असेल असं गृहीत धरून घरी बसू नका. पोलिस ठाण्यात आणि न्यायाधिकरणाच्या कार्यालयात स्वतः विचारा.

गुन्ह्याच्या कागदांपैकी एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वाहन तपासणी अहवाल, आणि मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल लागतो. ट्रकचे म्हणजे आरसी, विमा, परमिट, फिटनेस आणि चालकाचं लायसन्स. ते पोलिसांकडून मिळतात, आणि नंबर माहीत असेल तर नोंदणीचे तपशील परिवहन पोर्टलवर तपासता येतात. आपल्या बाजूने आधार, बँक पासबुक, वारसांचे नाते दाखवणारे कागद, मृताच्या वयाचा पुरावा, पगारपत्रक किंवा आयकर विवरण. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा आणि साखर कारखान्याची किंवा बाजार समितीची बिलं उत्पन्न दाखवायला उपयोगी पडतात. जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं आणि सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्व प्रमाणपत्र. टोलनाक्याचं किंवा पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते जपण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या. उपचाराचं म्हणाल तर मे २०२५ पासूनच्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा खर्च मिळू शकतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ट्रक पळून गेला आणि नंबरच कळला नाही, तर मालक-चालकाचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी ‘हिट अँड रन’ योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, सोबत एफआयआर, शवविच्छेदन किंवा दुखापतीचा अहवाल, ओळखपत्र, पासबुक, आणि पुढे ट्रक सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करण्याचं हमीपत्र. चौकशीचा अहवाल महिन्याभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, मंजुरी त्यानंतर १५ दिवसांत.

निवाडा पटला नाही तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येतं. अपील मालकाने किंवा कंपनीने केलं तर त्यांना २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांतली जी कमी असेल ती आधी भरावी लागते. वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही.