खणखणीत ड्रॅगन

एकोणिसाव्या शतकातल्या चीनमध्ये चांदीचं नाणं हाती आलं की व्यापारी आधी ते वाजवून बघायचा, मग तोलायचा. त्यावर कोणत्या राजाचा चेहरा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. सराफाने पारखलं की तो पोलादी पंचाने आपल्या पेढीचा बारीक ठसा नाण्यावर ठोकून देई. पुढच्या गावातला सराफ पुन्हा पारखून आपला ठसा मारी. असे ठोके खाऊन काही नाणी वाटीसारखी खोलगट झालेली आजही मिळतात. अनेक संग्राहक त्यांना ‘खराब’ म्हणून बाजूला सारतात. मला विचाराल तर पेटीतल्या कोऱ्या नाण्यापेक्षा तीच जास्त बोलकी.

ही ठोकलेली नाणी बहुतेक परदेशी, मुख्यतः मेक्सिकोची. छिंग राजवटीची स्वतःची नाणी म्हणजे मधे चौकोनी भोक असलेले ओतीव पैसे. मोठा व्यवहार चांदीच्या लगडी तोलून व्हायचा. वजनाचं माप ‘लियांग’, म्हणजे साधारण 37.3 ग्रॅम, त्याचा दहावा भाग ‘छ्येन’ आणि शंभरावा ‘फेन’. परदेशी नाण्यांना बाजारातून हुसकावण्यासाठी ग्वांगडोंगचे सुभेदार चांग चिह-तुंग यांनी 1887 मध्ये बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडे यंत्रं मागवली. 1889 मध्ये त्याच प्रांतातल्या कँटन शहराची टाकसाळ सुरू झाली आणि ड्रॅगनचं चांदीचं नाणं पडू लागलं.

पहिलं नाणं मुद्दाम थोडं जड ठेवलं होतं, 7 छ्येन 3 फेन, म्हणजे सुमारे 27.2 ग्रॅम. मेक्सिकन डॉलर 27.07 ग्रॅमचा. आपलं नाणं सरस, तेव्हा लोक तेच घेतील, असा हिशेब. झालं उलटंच. दोन्हींची किंमत सारखी असेल तर जड नाणं खर्च कोण करणार? लोकांनी ते घरात ठेवलं, वितळवलं आणि व्यवहारात हलकं चालवलं. पुढच्याच वर्षी वजन 7 छ्येन 2 फेनवर, म्हणजे सुमारे 26.9 ग्रॅमवर, आणावं लागलं. जुन्या वजनाची नाणी आज दुर्मीळ आहेत, त्यामागे हे साधं अर्थशास्त्र आहे.

मग प्रांतोप्रांती टाकसाळी निघाल्या आणि प्रत्येकीचा ड्रॅगन वेगळा. सिच्वानने तर आपल्या राणीछाप रुपयाला तोड म्हणून, तिबेटच्या बाजूच्या व्यापारासाठी, क्वांगशू सम्राटाचा चेहरा असलेला रुपयाच पाडला. आणि मुंबईचाही यात वाटा आहे: 1895 पासून मुंबईच्या टाकसाळीत पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश डॉलर पडत. हातात त्रिशूळ घेतलेल्या ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, ते नाणं भिंगाखाली धरलं, तर त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर बारीक ‘बी’ दिसतो. तो मुंबईचा.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न. चिनी ड्रॅगनच्या नकला इतक्या आहेत, की बाजारात स्वस्तात दिसणारं नाणं आधी खोटंच धरावं.

सगळ्यात सोपी परीक्षा पाण्याची. 90 टक्के चांदी आणि बाकी तांबं या मिश्रधातूची घनता साधारण 10.3 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे 26.9 ग्रॅमच्या नाण्याचं आकारमान 2.6 घनसेंटिमीटर. पाण्याचं भांडं डिजिटल काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. काटा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे 2.6 ग्रॅमच्या आसपास, दाखवेल. पितळेची घनता 8.5 च्या आसपास, त्यामुळे त्याच मापाचं पितळी नाणं 22 ग्रॅमच भरतं. वजन जुळवायचं तर ते जवळपास अर्धा मिलिमीटर जाड करावं लागतं, आणि तेवढा फरक बोटांनाही कळतो.

चीनमध्ये जुने लोक नाणं दोन नखांत मधोमध धरून कडेवर जोरात फुंकर मारत आणि कानाशी नेत. चांदीचं अख्खं नाणं बराच वेळ बारीक गुणगुणतं. आतून पोकळ किंवा दोन थर जोडलेलं असेल तर कंपनांची ऊर्जा सांध्यातच जिरते आणि आवाज बद्द येतो.

लबाड माणूस मात्र खऱ्या चांदीचंच खोटं नाणं पाडतो. मग पाणी आणि फुंकर दोन्ही हात टेकतात. इथे क्ष-किरण कामाला येतात. ते धातूवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. चांदीचे 22 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तांब्याचे 8 च्या. पण नुसती टक्केवारी जुळून भागत नाही. जुनी चांदी आजच्याइतकी शुद्ध करत नसत, त्यामुळे तिच्यात सोन्याचा, शिशाचा अंश राहून जाई. विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेल्या आजच्या चांदीत तो जवळपास सापडत नाही. फार ‘स्वच्छ’ नाणं म्हणूनच संशयास्पद. अर्थात यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून जाड मुलाम्यासाठी पाण्याची परीक्षा सोडायची नाही.

आणि कृपा करून चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका! हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो काही दहा नॅनोमीटरचा असतो तेव्हा वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पिवळा, जांभळा, निळा असे रंग दिसतात. ही झळाळी बनायला अनेकदा कित्येक वर्षं लागतात. घासली की ती जाते, आणि सोबत किंमतही.

शेवटचं हत्यार म्हणजे भिंग. नाणं पाडायच्या पोलादी ठशाच्या दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा उरतात. नाणं फिरवलं की चकाकी त्यांच्यावरून चाकासारखी सरकते. साच्यात ओतलेल्या नकलेवर या रेषा नसतात, बुडबुड्यांचे खड्डे असतात. हुशार नकला करणारे मात्र एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच ठसा तयार करतात. त्या मूळ नाण्यावर वापरात पडलेला ओरखडा, समजा ड्रॅगनच्या पंजाशेजारचा, ठशातही उतरतो आणि मग प्रत्येक नकलेवर त्याच जागी येतो. म्हणून जाणकार विकत घेण्याआधी जुन्या लिलावांची छायाचित्रं काढून बसतात: ओरखडा नाण्यागणिक वेगळा असायला हवा, आणि दोन नाण्यांवर तो जुळला तर निदान एक नक्की खोटं.