अंजन (खानदेश)

खानदेशच्या कोरडवाहू पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात आढळणारे चाऱ्याचे व इमारती लाकडाचे झाड. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. सह्याद्रीत निळ्या फुलांची अंजनी असते, ती वनस्पती निराळी. अंजनाचे पान पाहून आपट्याची आठवण होते. पण आपट्याच्या पानाला नुसती खाच असते, अंजनाच्या दोन्ही पर्णिका देठापर्यंत सुट्या असतात.

मुरमाड, खडकाळ, पाण्याचा निचरा होणारी जमीन या झाडाला मानवते. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत ते जीव धरत नाही. तिथल्या बांधांवर निंब आणि बाभूळच बरी. यावल अभयारण्यात साग, सालईच्या जोडीने अंजन दिसते.

कडबा संपत आला की अंजनाचा पाला गुरांना घालतात. पानगळ होळीच्या सुमारास आणि थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे छाटणी त्याआधी, पौष-माघात उरकतात. फांद्या जमिनीपासून 2 ते 2.5 मीटरच्या वरच छाटल्या तर नव्या फुटीला गुरांचे तोंड पोचत नाही. मनगटाएवढ्या फांद्या काढायच्या, शेंडा आणि वरचा एक तृतीयांश घेर ठेवायचा. घाव खालच्या बाजूने आधी अर्धवट घालावा. नाहीतर फांदी आपल्या भाराने मोडताना खोडाची साल ओरबाडत नेते आणि त्या जागी पाणी मुरून खोड पोखरते. एकच झाड दरवर्षी बोडके केले तर फूट बारीक होत जाते. एक-दोन वर्षे विसावा दिला की पाला भरतो.

या छाटणीत एक खोट आहे. अंजन श्रावण-भाद्रपदात फुलते, पण शेंगा पिकतात एप्रिल-मेमध्ये. म्हणजे पौषात फांदीबरोबर त्या वर्षीचे कच्चे बीही गोठ्यात जाते. भरपूर बी तसेही काही वर्षांआडच धरते. बांधावर जुनी ठोंबे आहेत आणि रोप एकही नाही, असे चित्र यामुळेच दिसते. दोष पावसाला दिला जातो. दहा-बारा झाडांमागे दोन झाडे बियाण्यासाठी अजिबात न छाटता सोडावीत.

चपट्या, पंखासारख्या शेंगेच्या टोकाला एकच बी असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे शेंगा वाऱ्याने गळतात, तेव्हाच वेचाव्यात. ताज्या बियाला कसलीही प्रक्रिया लागत नाही. ठेवलेल्या बियाला कीड लागते. पहिल्या चांगल्या पावसानंतर बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर जागच्या जागी टोकावे. पिशवीतले रोप बहुधा फसते, कारण सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात फूटभर खाली जाते आणि वर कोंब वीतभरही नसतो. पिशवीत ते मूळ वेटोळे घालते. उन्हाळ्यात कोंब वाळला तरी रोप मेले समजून उपटू नये. मूळ जिवंत असते, पावसात पुन्हा फुटते. गुरे आणि वणवा यांपासून मात्र काही वर्षे राखावेच लागते.

लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. गाडीचा आस, मुसळ, घराचे खांब यांसाठी ते वापरात होते. वाळल्यावर करवतीची धार जाते, म्हणून सुतार ते ओले असतानाच कापतात. कोवळ्या फांद्यांच्या सालीचे दोर निघतात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत अंजन असल्याने मालकीच्या बांधावरचे झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.